कावसजीचे नाक आणि कपाळावरची जखम

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात एका मराठी माणसाचे नाव आजही घेतले जाते, ते म्हणजे कावसजी. शेतकरी जातीतला हा गडी तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. १७९२च्या सुमारास तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाक कापले जाणे हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. कावसजी ते चेहऱ्यावर घेऊन वर्षाहून अधिक काळ वावरला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पेन्शन दिले. नाक मात्र दिले ते पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने.

या कारागिरांची पद्धत अशी होती. पातळ मेणाचे नाक आधी बसवून पाहायचे. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र जोडलेलीच ठेवायची, कारण तिच्यातूनच कातडीला रक्त मिळते. ही कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि ताज्या केलेल्या कडांमध्ये बसवायची. आजच्यासारखी भूल तेव्हा जगात कुठेच नव्हती.

सांध्यावर लावायचा तो कात. शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्यांना ज्यावरून नाव मिळाले, तोच हा कात. तो पाण्यात मऊ करून कापडाच्या पाच-सहा पट्ट्यांवर पसरत आणि त्या एकावर एक लावत. चार दिवस पट्ट्यांना हात लावत नसत. नंतर तुपात भिजवलेले कापड ठेवत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापली, की नाक स्वतंत्र होई.

चित्रकार जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये त्याची हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४मध्ये तिथे हीच शस्त्रक्रिया केली.

सगळ्यांचे लक्ष नाकाकडे होते. कपाळाबद्दल हकिकतीत एवढेच आहे, की तिथला व्रण कालांतराने फारसा दिसत नाही. पण नव्या नाकाची किंमत कपाळाने मोजली होती.

आज भाजलेल्या रुग्णाच्या मांडीवरून पातळ कातडी काढून ती जखमेवर लावतात. मांडीची ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरते, पण अनेकदा मूळ जखमेपेक्षा जास्त दुखते. कोरडे गॉज तिला चिकटते आणि काढताना नुकतीच आलेली त्वचा सोलते. म्हणून इथले ड्रेसिंग न चिकटणारे, ओलावा टिकवणारे आणि रोज उघडावे न लागणारे हवे. महागडी ड्रेसिंग्ज सर्वांना परवडत नाहीत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी याच जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरले आणि २००३मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान गुळगुळीत, मेणचट असते. ते जखमेला धरत नाही.

याचा अर्थ घरी कात, तूप किंवा पान लावावे असा नाही. ड्रेसिंग स्वतः ओढून काढू नये. दुर्गंधी, ताप किंवा वाढती वेदना जाणवली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. आणि शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे : कातडी जिथून घेणार, त्या जागेवर काय लावणार आणि ते कधी उघडणार?