मराठी एक, राज्ये अनेक : डॉ. आंबेडकरांचा न रुचलेला विचार

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातले आष्टी हे गाव १९५५ साली हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. गावाची भाषा मराठी, पण राज्य तेलुगू, कन्नड आणि उर्दू भाषकांचेही होते. अशा गावांनी कोणत्या राज्यात जावे, या प्रश्नाने देश ढवळून निघालेला असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर पुष्कळांना रुचले नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांचा या विषयावरील विचार फार जुना होता. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी भारताची सांस्कृतिक एकता मान्य केली; मात्र जातीअंतर्गत विवाहाने त्या एकसंध समाजाचे बंदिस्त तुकडे पाडले, असे दाखवून दिले. संस्कृती समान असली म्हणून माणसे एकरूप होत नाहीत, हे सूत्र त्यांनी कधी सोडले नाही. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ ते १९३८ या काळात प्राचार्य असतानाच, १९३६ साली, त्यांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार केला. १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात तर त्यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा पर्याय मांडला. तो आजही वादग्रस्त आहे.

१९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे त्यांनी मुंबई महाराष्ट्राचीच असल्याचे ठामपणे सांगितले. गुजराती व्यापारी या शहरात बाहेरून येऊन स्थिरावले, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु १९५५ साली त्यांनी वेगळी मांडणी केली. एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे नाही, असे सांगून त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचविली. मुंबईचे स्वतंत्र नगरराज्य आणि मराठवाड्यासह खानदेश, नाशिक व अहमदनगर यांचे मध्य महाराष्ट्र हे त्यांपैकी दोन. राजभाषाही प्रादेशिक नव्हे, तर हिंदी असावी, असा त्यांचा आग्रह होता. संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरात असताना हे सांगणे सोपे नव्हते.

यामागे भीती होती. भाषिक अस्मितेतून वेगळ्या राष्ट्रीयत्वाची भावना वाढेल आणि मोठ्या राज्यात संख्येने प्रबळ जात गावोगाव विखुरलेल्या दलितांवर सत्ता गाजवील, असे त्यांना वाटे. म्हणून अल्पसंख्याकांसाठी त्यांनी बहुसदस्य मतदारसंघ आणि एकत्रित मतदानाची पद्धत सुचविली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९६० साली महाराष्ट्र एकच राज्य म्हणून उभा राहिला. १९८१ साली परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला. पुढे अनुशेषाच्या तक्रारींतून १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे नेमावी लागली. चार राज्यांची योजना मागे पडली. पण समान भाषेमुळे मागास भागाला न्याय आपोआप मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे मात्र खोटे ठरले नाही.