पृथ्वी फिरत नाही, असे लिहिणारे सर सय्यद

सर सय्यद अहमद खान म्हटले की आपल्याला अलीगढ आठवते. पण याच माणसाने 1848 च्या सुमारास पृथ्वी फिरत नाही हे पटवून द्यायला एक पुस्तिका लिहिली होती, हे आपल्या घरांत फारसे कुणी सांगत नाही. मी वर्गात मुलांना आधी हेच सांगतो. मुलं हसतात, मग ऐकायला लागतात.

17 ऑक्टोबर 1817 रोजी दिल्लीत जन्म. आईच्या माहेरी गणिताची परंपरा होती. नोकरी कंपनी सरकारच्या न्यायखात्यात. पुढे वाचन वाढले आणि पृथ्वीबद्दलचे मत त्यांनी बदलले. आपली चूक होती, हे मानायला लाजले नाहीत. 1864 मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, इंग्रजी पुस्तके उर्दूत आणायला.

1869 मध्ये मुंबईहून जहाजाने ते विलायतेला गेले. विल्यम म्यूर यांनी प्रेषितांच्या (स.) चरित्रात केलेल्या आरोपांना उत्तर लिहायचे होते. कर्ज काढून त्यांनी ते काम केले. म्हणजे दीनची तळमळ नव्हती, असे कुणी म्हणू नये.

त्यांचा मुद्दा साधा होता: कुरआन अल्लाहचे वचन, निसर्ग अल्लाहची कृती, मग दोघांत भांडण कसे असेल? भांडण दिसले तर आपल्या समजुतीत खोट. या आधारावर 1880 पासून त्यांची तफसीर छापली जाऊ लागली. त्यात फरिश्ते, जिन्न, मोजिजे यांचे अर्थ त्यांनी निसर्गनियमांत बसवले. इथे मला ते पटत नाहीत. विज्ञान आज एक सांगते, उद्या दुरुस्त करते. पृथ्वीचा धडा त्यांनी स्वतःच घेतला होता ना! उलेमा तर संतापलेच. कुफ्रचे फतवे निघाले, थेट मक्केहूनही आणले गेले.

मग त्यांनी जे केले ते मला तफसीरपेक्षा मोठे वाटते. 1875 मध्ये अलीगढला मदरसा सुरू झाला, त्याचेच पुढे कॉलेज झाले. तिथे आपली धार्मिक मते शिकवायची नाहीत, असे त्यांनी मान्य केले. दीनी तालीम लोकांचा विश्वास असलेल्या उलेमांकडे सोपवली, सुन्नी आणि शिया मुलांची वेगवेगळी. त्याच मुलांना शेजारच्या वर्गात गणित आणि विज्ञान. चंद्यासाठी म्हातारपणी स्टेजवरही उभे राहिले, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता.

27 मार्च 1898 रोजी त्यांचे निधन झाले. तफसीर अपुरीच राहिली. कबर कॉलेजच्या मशिदीच्या आवारात आहे.