विश्लेषण : सार्वमत हरूनही भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री कसे झाले?

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांची मुख्य राजकीय मागणी. जानेवारी १९६७ मध्ये गोव्याच्या मतदारांनी ती फेटाळली. मात्र त्याच मतदारांनी काही आठवड्यांतच सत्ता पुन्हा बांदोडकरांच्या हाती दिली. हे कसे घडले?

खाणमालक राजकारणात कसे आले?

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले. त्या काळात खाण व्यवसायात पुढे आलेल्या उद्योजकांपैकी ते एक. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली. १९६३ मध्ये बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) उभा राहिला. पहिल्याच निवडणुकीत पक्षाची सरशी झाली आणि २० डिसेंबर १९६३ रोजी ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

पाठीराखे कोण होते?

प्रामुख्याने बहुजन समाज, कुळे आणि खेड्यापाड्यांतील कष्टकरी. कसणारा एक आणि जमिनीचा मालक दुसरा, अशी तेव्हाची स्थिती होती. १९६४ च्या कुळ कायद्याने कुळांना मनमानी बेदखलीपासून संरक्षण दिले. गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा सुरू झाल्या. सरकार गोरगरिबांच्या दारापर्यंत पोहोचल्याचा हा अनुभव नवा होता.

सार्वमतात काय झाले?

विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून बांदोडकर सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा.

मग पुन्हा सत्ता का मिळाली?

मार्च १९६७ च्या निवडणुकीत मगोपने बहुमत मिळवले. सार्वमताचा प्रश्न होता गोव्याच्या अस्तित्वाचा, तर निवडणुकीचा प्रश्न होता गोव्यात राज्य कोणी करावे याचा. मतदारांनी दोन्हींची उत्तरे वेगवेगळी दिली. महाराष्ट्रात जायचे नाही, पण जमीनदारांचा वरचष्माही परत नको, असा या दोन निकालांचा एकत्रित अर्थ लावता येतो.

पुढे काय?

१९७२ मध्येही मगोप जिंकला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रीपदावर असतानाच बांदोडकरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. ३० मे १९८७ रोजी गोव्याला स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला. विलीनीकरणाचा आग्रह धरणाऱ्या या नेत्याची समाधी आज त्याच राज्याच्या राजधानीत, पणजीतील मिरामार किनाऱ्यावर आहे.