देवळालीचे गणितशिक्षक : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

लोणावळ्याहून मुंबईस जाणारी गाडी बोरघाट उतरते आणि कर्जत, कल्याण मागे टाकून डोंबिवलीवरून पुढे जाते. आपल्या मावळातील किती माणसे या वाटेने रोज जातात! याच लोहमार्गावरील त्या स्थानकात एका शिक्षकास संख्यांचे एक कुळ सुचले आणि स्थानकाच्या तत्कालीन नावावरून त्यांनी त्यास ‘डेमलो संख्या’ म्हटले. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नवाचाच वर्ग. दहा वेळा १ घेतला की मात्र हातचे येतात आणि ही सुंदर चढउतार मोडते.

हे शिक्षक म्हणजे द. रा. कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आईचे छत्र बालपणीच हरपले. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक लाभले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढील पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस ते शाळेत शिकवीत राहिले.

त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली संख्या ६१७४. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी व लहानात लहान मांडणी करून वजाबाकी करावी आणि उत्तरावर तीच क्रिया चालवावी. अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच स्थिरावते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरते. आम्ही त्यांच्या पारितोषिकाचे वर्षच घेतले : १९२७. ९७२१ वजा १२७९ म्हणजे ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४. नेमक्या सात पायऱ्या!

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पण विद्वानांपैकी अनेकांनी असल्या कामास अंकांचा खेळ ठरवून हसण्यावारी नेले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. हे गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहेत. तरीही प्रश्न विचारण्याचा अधिकार पदव्यांवरून ठरवणारी ती वृत्ती आम्हांस मान्य नाही. ज्ञानाच्या दारावर पहारा बसवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. कापरेकरांनी त्या उपेक्षेस उत्तर दिले ते काम करून : स्वखर्चाने पुस्तिका काढल्या आणि शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने दिली.

१९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकरांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते निवर्तले.

त्यांनी शोधलेला आणखी एक प्रकार असा : १५ मध्ये तिचेच अंक, १ आणि ५, मिळवले की २१ तयार होते, पण २० अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून तयार होत नाही. अशा स्वयंभू संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात.