शिल्पाचार्य जैनुल आबेदीन : रोजच्या जगण्याचा चित्रकार

पालकहो, मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर बैल, होडी किंवा शेजारच्या आजीचा चेहरा रेखाटलेला दिसला की आपल्या कपाळावर आठी पडते. मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, निदान सरकारी नोकरीला चिकटावे, ही आपली इच्छा गैर नाही. परंतु अशाच रेघोट्या ओढणाऱ्या एका फौजदाराच्या मुलाची हकीकत आज आपणांस सांगायची आहे. त्या मुलाचे नाव जैनुल आबेदीन. बांगलादेशात त्यांना आदराने शिल्पाचार्य म्हणतात.

जैनुल आबेदीन यांचा जन्म २९ डिसेंबर १९१४ रोजी पूर्व बंगालच्या मैमनसिंग जिल्ह्यात किशोरगंज भागात झाला. वडील तमीजुद्दीन अहमद पोलीस खात्यात होते. घरची परिस्थिती बेताची. ब्रह्मपुत्रेच्या काठावर मुलाचे बालपण गेले. नावेची वाट पाहणारी माणसे, जाळी टाकणारे कोळी, पाण्यावर उतरणारी संध्याकाळ, हीच त्याची पहिली शाळा. कलकत्त्याचे सरकारी कला विद्यालय पाहण्यासाठी हा मुलगा सोळाव्या वर्षी मित्रांसोबत घरी न सांगता निघून गेला होता, असे सांगतात. शाळेच्या पुस्तकांत त्याचे मन रमेना, हे आई जैनबुन्निसा यांनी ओळखले. मुलाला कलकत्त्याला पाठविण्यासाठी या माउलीने गळ्यातला सोन्याचा हार विकला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. १९३३ साली जैनुल त्या विद्यालयात दाखल झाले.

विद्यार्थी मित्रांनो, जलरंग हे दिसायला सोपे पण हाताळायला कठीण माध्यम आहे. आधी पेन्सिलीने हलके रेखाटन करायचे, मग पाण्यात कालवलेला पातळ रंग कागदावर सोडायचा. उजेड दाखवायला पांढरा रंग लावायचा नसतो. तेथे कागद कोराच राखायचा असतो. एकदा ओघळलेला रंग परत घेता येत नाही. म्हणून ब्रश टेकविण्यापूर्वी डोळ्यांनी पुरते पाहून घ्यावे लागते. जैनुल हे पाहणे शिकले ते सततच्या सरावाने. नदीकाठ, बाजार, शेत, जेथे जातील तेथे ते रेखाटने करीत. संथाळ परगण्यातील दुमका येथे जाऊन त्यांनी तेथील माणसे आणि माळरानही चितारले. १९३८ साली ब्रह्मपुत्रेवरील त्यांच्या जलरंगचित्रांना अखिल भारतीय प्रदर्शनात गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले. शिक्षण संपताच त्याच विद्यालयात ते अध्यापक झाले.

त्यानंतर १९४३ साल उजाडले. जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तेथला तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारी भागातील हजारो होड्या ताब्यात घेतल्या होत्या किंवा मोडल्या होत्या. ऑक्टोबर १९४२ च्या वादळाने मेदिनीपूरकडची पिके बुडविली होती. युद्धामुळे भाव कडाडले, धान्याचा साठेबाजार झाला आणि भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी यांच्या हाती तांदूळ घेण्यापुरते पैसे राहिले नाहीत. ज्यांच्या होड्या जैनुल यांनी रंगविल्या होत्या, तीच माणसे आता कलकत्त्याच्या फूटपाथवर येऊन पडली. ती भातसुद्धा मागत नव्हती. भातातून काढलेल्या पेजेसाठी दारोदार हात पसरीत होती. या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली, असा अंदाज केला जातो.

जैनुल तेव्हा एकोणतीस वर्षांचेही नव्हते. युद्धामुळे चित्रकलेचा चांगला कागद महाग झालेला. त्यांनी सामान गुंडाळायचा स्वस्त कागद घेतला, काळी शाई घेतली आणि रस्त्यावर जे दिसले ते उतरवून काढले. कचऱ्याच्या कुंडीशी अन्न शोधणारी माणसे आणि त्यांच्याच शेजारी कावळे. हाडांचा सापळा झालेली आई आणि तिला बिलगलेले मूल. शाईच्या जाड, कोरड्या फटकाऱ्यांनी काढलेल्या या चित्रांत एकही रेघ फाजील नाही. मागे सुंदर देखावा नाही, चेहऱ्यांवर आक्रस्ताळेपणा नाही. एला सेन यांच्या १९४४ सालच्या पुस्तकात यातील चित्रे छापली गेली आणि बंगालच्या भुकेची साक्ष दूरवर पोहोचली. आकडे लोक विसरतात. ती चित्रे मात्र आजही पाहणाऱ्याला गप्प करतात.

वाचकहो, हे बळ एका दिवसात आले नव्हते. दहा वर्षे साध्या माणसांची पाठ, हात आणि बसण्याची ढब कागदावर उतरविणाऱ्यालाच भुकेने मोडलेली पाठ ओळखता आली.

१९४७ च्या फाळणीनंतर ते ढाक्याला गेले. तेथे कला शिकविणारी एकही संस्था नव्हती. चित्र काढणे योग्य की अयोग्य, यावर समाजात मतभेद होते आणि नव्या सरकारपुढे इतर हजार प्रश्न होते. तरीही जैनुल यांनी सफीउद्दीन अहमद, कमरुल हसन आदी सहकाऱ्यांना घेऊन पाठपुरावा केला. १९४८ साली जुन्या ढाक्यात, एका वैद्यकीय शाळेच्या इमारतीतील दोन खोल्यांत, अठरा विद्यार्थ्यांवर कला संस्था सुरू झाली. पुढे तेथे मुलींनाही प्रवेश मिळाला. १९५६ मध्ये शाहबाग येथे संस्थेची स्वतःची वास्तू उभी राहिली; आज ती ढाका विद्यापीठाची ललितकला शाखा आहे. दोन खोल्यांतून संस्था उभी करणे म्हणजे काय, हे ज्यांनी शाळा चालविल्या त्यांना सांगायला नको.

स्वतःचे शिकणेही त्यांनी थांबविले नाही. १९५१ साली ते लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेले. परतल्यावर बंगालच्या खेड्यातील बाहुल्या आणि लोककला यांतील ठसठशीत आकार त्यांच्या चित्रांत उतरले. १९५१ सालच्याच त्यांच्या एका गाजलेल्या जलरंगात दावे तोडू पाहणारी गाय आहे. विषय गोठ्यातला, पण चित्राचे नाव ‘विद्रोही’.

१९७० साली त्यांनी शेतकऱ्याच्या जीवनावर ‘नवान्न’ ही सुमारे पासष्ट फूट लांबीची गुंडाळीपट्टी रंगविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आले आणि लाखो लोक बुडाले. जैनुल त्या भागात जाऊन आले आणि मनपुरा बेटाच्या नावाची आणखी एक लांबलचक पट्टी त्यांनी काढली. १९७२ मध्ये स्वतंत्र बांगलादेशाची राज्यघटना हस्ताक्षरात लिहून सजविली गेली, तेव्हा सजावटीची धुरा त्यांच्याकडेच होती. १९७५ साली त्यांच्या प्रयत्नांनी सोनारगाव येथे लोककलेचे संग्रहालय स्थापन झाले. २८ मे १९७६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांची कबर आहे.

पालकहो, प्रत्येक मूल जैनुल आबेदीन होणार नाही, आणि व्हावे असेही नाही. पण पाहायला शिकलेले मूल कोणत्याही धंद्यात गेले तरी माणसाकडे दुर्लक्ष करून पुढे जात नाही. जैनबुन्निसांनी दागिना विकला. आपल्याला एक वही आणि दोन पेन्सिली एवढाच खर्च आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, विषय शोधत लांब जाऊ नका. दाराशी भाजीवाली बसली आहे, एसटी थांब्यावर म्हातारबाबा उभे आहेत, अंगणात आई तांदूळ निवडते आहे. तेथून सुरुवात करा. मैमनसिंगला ब्रह्मपुत्रेच्या काठी जैनुल यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. ज्या नदीने त्यांना पाहायला शिकविले, ती त्याच्या समोरूनच वाहते.