विकलेलं मूल, निजामशाहीचा वजीर

अहिल्यानगर शहरापासून काही कोसांवर भातवडीचा तलाव आहे. १६२४ साली तिथे एक मोठी लढाई झाली. एकीकडे मुघल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजा, दुसरीकडे निजामशाहीचं त्यामानानं लहान सैन्य. निजामशाहीच्या सेनापतीनं तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी शिरलं, चिखलात हालचाल अवघड झाली, दाणावैरण तुटली. वर रात्रीचे छापे सुरू झाले आणि लढाईचं पारडं फिरलं. हा सेनापती तेव्हा पंचाहत्तरीला आलेला होता. त्याचं नाव मलिक अंबर.

गनिमी कावा आणि जमीनमहसुलाची व्यवस्था यांसाठी अंबर आपल्याला शाळेपासून माहीत असतो. आज त्याच्याकडे थोडं वेगळ्या बाजूनं पाहू. हा माणूस लहानपणी बाजारात विकला गेला होता.

अंबरचा जन्म साधारण १५४८ सालचा, इथिओपियातला. तिथलं त्याचं नाव चापू. त्या भागात तेव्हा लढाया आणि दुष्काळ यांचं थैमान होतं. गरिबीमुळे आईबापांनी त्याला विकलं असं काही नोंदी सांगतात, तर काही म्हणतात की तो पकडला गेला. उपाशी घराला आणि तलवारीच्या धाकाला निवडीची मुभा फारशी नसतेच. तांबडा समुद्र ओलांडून तो अरबस्तानात आला, हातोहात विकला गेला आणि शेवटी बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे पोचला. या मालकानं त्याला लिहायला-वाचायला आणि कारभार शिकवला. धर्म बदलला, नाव बदललं. चापूचा अंबर झाला.

१५७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला दख्खनमध्ये आणून विकण्यात आलं. विकत घेणारा होता निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःही एकेकाळी असाच हबशी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते. दख्खनच्या दरबारांना ही परदेशी मुलं का हवी असत? कारण त्यांना इथे घरदार, भाऊबंद, गाव काहीच नसे. मालक सोडला तर त्यांचं कुणी नाही, म्हणून ती मालकाशी इमानी राहतील, असा हा हिशेब. ज्या गोष्टीनं मूल उद्ध्वस्त होतं, तीच सत्तेला सोयीची वाटत होती.

चंगीझखान काही वर्षांतच मेला आणि त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं. पुढची वीसेक वर्षं अंबरनं विजापूरसह मिळेल तिथे शिपाईगिरी केली, हळूहळू स्वतःची तुकडी उभी केली आणि १५९५च्या सुमारास तो पुन्हा नगरला आला.

तेव्हा नगरच्या गादीवरच मुलांचा खेळ मांडला गेला होता. इब्राहिम निजामशहा लढाईत पडला आणि त्याचा तान्हा मुलगा बहादूर मागे राहिला. एका गटानं त्याला जुन्नरजवळच्या चावंडवर कैदेत ठेवलं आणि दुसऱ्याच एका मुलाला गादीवर बसवलं. चाँदबिबीनं भुईकोट किल्ला लढवून बहादूरचा हक्क राखला. पण १६०० मध्ये ती मारली गेली, किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. चालता-बोलता होईपर्यंत एक कैद, कळत्या वयात दुसरी. पुढे औरंगजेबाच्या काळात फ्रेंच वैद्य बर्निए यानं लिहून ठेवलं आहे, की ग्वाल्हेरच्या राजकैद्यांना रोज सकाळी अफूच्या बोंडांचं पाणी पाजत. अफूतल्या मॉर्फिनसारख्या द्रव्यांनी मेंदू मंदावतो, भूक मरते, माणूस हळूहळू खंगत जातो. तलवार न उपसता वारसदार संपवण्याची ही रीत होती.

अंबरनं निजामशाही पुन्हा उभी केली. परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी राजधानी हलवत त्यानं मुघलांना पाव शतक झुंजवत ठेवलं. त्याच्या धास्तीनं जहांगीर बादशहानं एक चित्र काढवून घेतलं. त्यात बादशहा अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात हे त्याला कधीच साधलं नाही. १६२६ मध्ये अंबर वार्धक्यानं मेला. त्याची कबर खुलताबादला आहे.

त्याचं आणखी एक काम आरोग्याशी थेट जोडलेलं आहे. १६१० मध्ये त्यानं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि तिथे भूमिगत नहर बांधली. डोंगरपायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर शहरात येई. ठरावीक अंतरावर हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास होते. पाणी झाकलेलं राहिल्यामुळे ऊन, धूळ आणि जनावरांची घाण यांपासून ते बऱ्याच अंशी वाचे. रोगजंतू हा शब्द जन्माला येण्याआधीची ही सोय आहे.

इथे एक मोह टाळायला हवा. इतकं सोसून तो एवढा मोठा झाला, म्हणजे सोसण्यानंच माणूस घडतो, असं आपण पटकन म्हणून टाकतो. विज्ञान याच्या उलट सांगतं. सततच्या भीतीत शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दीर्घकाळ चढं राहतं. वाढत्या मेंदूतल्या स्मरणाच्या आणि भावना आवरण्याच्या भागांवर त्याचा परिणाम होतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की बालपणी जितके आघात जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनांचा धोका जास्त. चंगीझखानाच्या पदरच्या हजारांपैकी अंबरचं नाव आपल्याला माहीत आहे. बाकीचे लढाईत गेले, रोगानं गेले किंवा नोंद न ठेवता संपले. जिंकलेल्याकडे पाहून वाटेवरच्या खड्ड्यांचे आभार मानता येत नाहीत.

मग काही मुलं तगतात ती कशामुळे? मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातले कलह अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं सक्षम आणि मायाळू माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: घरात किंवा घराबाहेर त्यांना लावून धरणारं निदान एक मोठं माणूस. अंबरच्या वाट्याला शिक्षण देणारा मालक आला आणि बेडी काढणारी एक स्त्री आली. पहिल्यानं त्याला विकतच घेतलं होतं, हे विसरायचं नाही. पण मिळालेलं शिक्षण आयुष्यभर कामी आलं.

आघाताचा आणखी एक पैलू अंबरच्याच आयुष्यात दिसतो. त्यानं गादीवर बसवलेला मुर्तजा निजामशहा डोईजड झाला, तेव्हा अंबरनं त्याला विष देवविलं असं इतिहासकार मानतात. मग मुर्तजाच्या लहान मुलाला गादीवर बसवून कारभार स्वतःच्या हाती ठेवला. बाजारातलं मूल मोठं होऊन दुसऱ्या मुलाचं प्यादं करू लागलं. अंबरनंतर संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर शहाजीराजांनी असाच एक बालनिजाम गादीवर बसवला. १६३६ मध्ये माहुलीला तो मुघलांच्या हवाली झाला आणि निजामशाही संपली. गादीवरच्या या मुलांना कुणी काही विचारल्याची नोंद नाही.

आज आपल्या जिल्ह्यात तलवारी नाहीत. पण पाथर्डी-शेवगावकडून आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी, अर्ध्या वर्षात शाळा सुटणारी मुलं आहेत. घरातल्या मारझोडीनं झोप उडालेली मुलं आहेत. अशा मुलाला पोट दुखतं, ते अंथरूण ओलं करतं, एकदम गप्प होतं किंवा विनाकारण चिडतं, तेव्हा ते नाटक करत असतंच असं नाही. शरीर भीती बोलून दाखवत असतं. रागावण्याआधी शेजारी बसावं, वेळेवर जेवण आणि झोप मिळेल असं पाहावं, शाळेशी नातं तुटू देऊ नये, आणि त्रास आठवडेच्या आठवडे टिकला तर डॉक्टरांना दाखवावं. अंबरसारखं नशीब प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत नाही. ते लावून धरणारं एक माणूस होणं मात्र आपल्यापैकी कुणालाही जमण्यासारखं आहे.