हरवलेल्या वाड्याचा लेखक
(द्वितीय वर्ष, कला)

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे बेट आहे. तेथील पालेर्मो शहरात २३ डिसेंबर १८९६ रोजी एका जुन्या सरदार घराण्यात जुझेप्पे तोमासी दि लांपेदूझा यांचा जन्म झाला. 'प्रिन्स' हा किताब घराण्याकडे होता. वैभव मात्र ओसरत चालले होते. थोरली बहीण बालपणीच घटसर्पाने गेली. मोठमोठ्या दालनांत हा अबोल मुलगा एकटाच वावरत असे.

आईच्या माहेरचा भव्य वाडा सांता मार्गेरिता दि बेलिचे या गावी होता. भल्या पहाटे पालेर्मोहून आगगाडीने निघायचे, कास्तेलवेत्रानोला उतरायचे आणि पुढे धुळीतून, उन्हातून घोडागाडीने जायचे. हा दिवसभराचा प्रवास त्याच्या मनात कायमचा कोरला गेला. त्या वाड्यात स्वतःचे नाटकघरसुद्धा होते!

पुढे पहिले महायुद्ध आले. १९१७ साली तो ऑस्ट्रियन सैन्याच्या हाती सापडला आणि हंगेरीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटून घरी परतला. १९३२ साली मनोविश्लेषणाची अभ्यासक असलेल्या अलेक्झांड्राशी त्याचा विवाह झाला. एप्रिल १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात पालेर्मोतला त्याचा जन्मवाडा उद्ध्वस्त झाला. आजोळचा वाडा तर मामाने आधीच विकला होता.

ज्याचे घर गेले त्याने काय करावे? हा गृहस्थ पालेर्मोच्या उपाहारगृहांत तासन्‌तास वाचत बसे. त्याच्या पिशवीत पुस्तके आणि केक एकत्र नांदत. १९५४ साली मावसभाऊ असलेल्या कवी लुचो पिक्कोलो यांच्यासोबत तो सान पेल्लेग्रिनोच्या साहित्यसंमेलनाला गेला. परतल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने कादंबरी हाती घेतली. मधेच १९५५ साली बालपणीच्या आठवणीही लिहून काढल्या.

या कादंबरीचे नाव 'इल गात्तोपार्दो', म्हणजे इंग्रजीतले 'द लेपर्ड'. तिचा काळ १८६० चा, गारिबाल्दी सिसिलीत उतरला तेव्हाचा. नायक बेतला आहे तो लेखकाच्या खगोलप्रेमी पणजोबांवर. नायकाच्या उन्हाळी वाड्यात आजोळचा वाडा पुन्हा उभा राहिला, आणि धुळीचा तो प्रवासही परत आला. तिथल्या मेजवानीत मॅकरोनीचा एक खास पदार्थ येतो. वरचे सोनेरी कवच फोडताच साखर-दालचिनीचा वास दरवळतो आणि आतून वाफाळलेली मॅकरोनी, कोंबडीचे मांस, उकडलेली अंडी बाहेर पडतात. हे वाचताना इतिहासाच्या सनावळ्या विसरून आपणही त्या पंगतीला जाऊन बसतो.

पण दोन नामवंत प्रकाशनसंस्थांकडून नकार आला. २३ जुलै १९५७ रोजी रोममध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले, तेव्हा पुस्तक छापलेले नव्हते. नोव्हेंबर १९५८ मध्ये फेल्त्रिनेल्ली या प्रकाशनाने ते काढले, १९५९ साली त्याला 'स्त्रेगा' पुरस्कार मिळाला आणि १९६३ साली विस्कोंतीने त्यावर चित्रपट केला. हे काहीच त्याला पाहता आले नाही. १९६८ च्या भूकंपात सांता मार्गेरिताचा वाडाही कोसळला. आता तो पुरता उभा आहे तो पुस्तकातच.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे ती पंगत वाचताना माझे लक्ष राजपुत्राऐवजी वाढप्यांकडे गेले. त्यांच्या घरी त्या रात्री काय शिजले असेल? ते लिहिणारा त्यांच्यात कोणी नव्हता. आमच्याकडे वाडा नव्हता. पण चूल होती, तिचा वास होता, यात्रेला जातानाची बैलगाडी होती. आठवणींना किताब लागत नाही. मात्र त्या वेळेवर कागदावर उतरवाव्या लागतात. लांपेदूझांनी उशिरा का होईना, ते केले. आपण तर अजून विशीतही नाही!